घाटातल्या वळणावर गाडी सावरणारे विल्हेल्म मेबॅक

विद्यार्थी मित्रांनो, विजयादशमीला आपल्या निपाणीतील कितीतरी मंडळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघन पाहायला जातात. त्या संध्याकाळी छत्रपती घराण्यातील मंडळी एका लांबलचक, जुन्या, रुबाबदार मोटारीतून येतात. ती 'मेबॅक'. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली ही गाडी कोल्हापूरकरांच्या अभिमानाचा विषय आहे. गाडी आपण पाहिलेली असते, पण मेबॅक हे मुळात एका माणसाचे आडनाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जर्मन लोक त्याचा उच्चार मायबाख असा करतात. मोठी, जड मोटार वळणावर न उलटता कशी वळवावी, हा प्रश्न ज्यांनी मनापासून सोडवला, त्या विल्हेल्म मेबॅक यांची ओळख या अंकात करून देण्याचे आम्ही ठरवले आहे.

विल्हेल्म यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन येथे झाला. वडील सुतार होते. विल्हेल्म आठ वर्षांचे असताना आई गेली आणि दहा वर्षांचे झाले तोवर वडीलही गेले. भावंडे पोरकी झाली. रॉइटलिंगेन गावात गुस्ताव वेर्नर नावाचे एक धर्मोपदेशक अनाथ मुलांसाठी संस्था चालवत. तेथे नुसते जेवण आणि छप्पर मिळत नसे. संस्थेचे स्वतःचे कारखाने होते आणि मुलांना हाताला काम शिकवले जाई. विल्हेल्मला यंत्रांची ओढ आहे, हे वेर्नर गुरुजींच्या लक्षात आले. त्यांनी त्याला यंत्रशाळेत घातले. पंधराव्या वर्षापासून हा मुलगा दिवसा आराखडे काढू लागला आणि गावातल्या शाळेत गणित व भौतिकशास्त्राचे जादा तास करू लागला.

त्याच कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून गॉटलिब डाइम्लर आले होते. १८६५ मध्ये त्यांची नजर या एकोणीस वर्षांच्या मुलावर पडली. त्यांनी त्याला आपला मदतनीस करून घेतले आणि ही जोडी डाइम्लर यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे टिकली. कार्ल्सरूहे, मग कोलोनजवळचे डॉइट्झ, जिथे डाइम्लर गेले तिथे मेबॅक गेले. १८८२ मध्ये दोघांनी नोकरी सोडली. स्टुटगार्टजवळच्या कान्श्टाट गावी डाइम्लर यांच्या बंगल्याच्या बागेत एक छोटी खोली होती. तिथे दारे लावून दोघांचे काम रात्रंदिवस चाले. ठोकाठोकीचे आवाज ऐकून माळीबुवांना वाटले, मालक आत खोटी नाणी पाडतात! त्यांनी पोलिसांना वर्दी दिली. पोलिसांनी खोली उघडून पाहिली, तर आत फक्त इंजिनाचे भाग आणि अवजारे.

त्या काळची इंजिने अजस्र असत आणि मिनिटाला जेमतेम दीडदोनशे फेरे घेत. या दोघांनी १८८३ मध्ये मिनिटाला सहाशे फेरे घेणारे हलके इंजिन तयार केले. १८८५ मध्ये ते दुचाकीवर बसवले आणि १८८६ मध्ये घोडागाडीवर. पुढे १८९३ मध्ये पेट्रोलचा फवारा हवेत मिसळणारा कार्बुरेटर मेबॅक यांनी शोधला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इंजिनाची ताकद वाढली, पण ज्या सांगाड्यावर ते बसवायचे तो घोडागाडीचाच राहिला. गाडी उंच, आखूड, आणि पुढच्या बाजूला जड इंजिनाचा भार. डाइम्लर कंपनीची 'फिनिक्स' ही शर्यतीची गाडी अशीच होती. मार्च १९०० मध्ये फ्रान्समध्ये नीस ते ला तुर्बी या घाटाच्या शर्यतीत विल्हेल्म बाऊर हा कंपनीचा चालक फिनिक्स घेऊन निघाला आणि सुरुवातीच्याच एका वळणावर गाडी कठड्यावर आदळून प्राणास मुकला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला, ६ मार्चला, गॉटलिब डाइम्लर यांचेही निधन झाले होते. मेबॅक यांच्यावर एकाच महिन्यात दोन आघात झाले. शर्यतींचा नाद सोडून द्यावा, असे कंपनीत अनेकांना वाटू लागले.

पण नीस येथे राहणारे कंपनीचे विक्रेते एमिल येलिनेक यांचे मत वेगळे होते. शर्यत बंद केल्याने गाडी सुधारणार नाही, गाडीच बदलली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. गाडी लांब हवी, रुंद हवी, जमिनीलगत हवी आणि इंजिन हलके हवे, असे सांगून त्यांनी छत्तीस गाड्यांची मागणी नोंदवली. आराखड्याची जबाबदारी मेबॅक यांच्यावर आली.

या सूचनांमागचे शास्त्र निपाणीच्या मुलांना समजावून सांगायला फळा लागत नाही. तंबाखूचे बोद उंच रचलेली बैलगाडी वळताना कशी एका अंगाला झुकते, हे आपल्या आजोबांना विचारा. ओझे जितके उंच, तितकी वळणावर उलटण्याची भीती जास्त. तेच ओझे खाली, पसरून ठेवले आणि चाकांमधले अंतर वाढवले की गाडी ठाम राहते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर वाढले की गाडी कमी हिंदकळते आणि सरळ रेषेत स्थिर धावते.

मेबॅक यांनी नेमके हेच केले. लाकडी सांगाड्याऐवजी दाबून घडवलेल्या पोलादी पट्ट्यांचा सांगाडा घेतला. इंजिनाच्या बाहेरच्या भागासाठी हलका मिश्रधातू वापरला, त्यामुळे इंजिनाचे वजन सुमारे नव्वद किलोने उतरून २३० किलोवर आले. ते इंजिन सांगाड्यात खोल, जमिनीच्या जवळ बसवले. सुकाणूचा उभा दांडा तिरपा केला. इंजिन थंड ठेवण्यासाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्या होत्या. त्यामुळे पूर्वीच्या निम्मे, म्हणजे नऊ लिटर पाणी पुरू लागले आणि तेवढा भारही वाचला. यातली एकही गोष्ट एकटीने चमत्कार करणारी नव्हती. सगळ्या एकत्र आल्या तेव्हा गाडीचा स्वभावच पालटला.

२२ डिसेंबर १९०० रोजी पहिली गाडी येलिनेक यांच्या हाती पडली. पस्तीस अश्वशक्तीच्या त्या गाडीला त्यांनी आपल्या मुलीचे नाव दिले, मर्सिडीज. मार्च १९०१ मध्ये, बाऊर गेला त्याला एक वर्ष होत असताना, हीच गाडी नीसच्या शर्यतींत उतरली आणि तिने बहुतेक बक्षिसे जिंकली. ला तुर्बीच्या घाटातला सरासरी वेग ताशी ३१ किलोमीटरवरून एकदम ५१ वर गेला. पुढे जगभरच्या मोटारींनी हीच ठेवण उचलली.

गाडीला नाव मात्र विक्रेत्याच्या मुलीचे मिळाले. मेबॅक यांना कंपनीत हळूहळू बाजूला सारण्यात आले आणि १९०७ मध्ये ते बाहेर पडले. वय एकसष्ट. पण ते स्वस्थ बसले नाहीत. काउंट झेपेलिन यांच्या विमाननौकांना चांगली इंजिने हवी होती. १९०९ मध्ये त्यासाठी कंपनी निघाली आणि तिचा तांत्रिक भार मुलगा कार्ल याने उचलला. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीत विमानांची इंजिने बनवण्यास बंदी आली, तेव्हा कार्ल मोटारींकडे वळला. १९२१ मध्ये मेबॅक नावाची पहिली मोटार लोकांसमोर आली. तिच्या चारही चाकांना ब्रेक होते, ही त्या काळी नवलाईच होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाने गाड्या घडवणाऱ्या वडिलांचे आडनाव अखेर गाडीवर झळकले, आणि ते पाहायला वडील हयात होते. २९ डिसेंबर १९२९ रोजी कान्श्टाट येथे विल्हेल्म मेबॅक यांचे निधन झाले. तेथील दफनभूमीत ते आपल्या गुरुतुल्य डाइम्लर यांच्या सान्निध्यात विसावले आहेत.

पालकहो, आपण सगळे तवंदी घाटातून नेहमी ये-जा करतो. वळणावर गाडी सहज वळते, तेव्हा त्यामागे एका चालकाचा गेलेला जीव आणि त्यानंतर केलेला विचार आहे, हे मुलांना जरूर सांगा. गाडी कितीही चांगली असली तरी वळणाआधी वेग कमी करणे हे चालवणाऱ्याचेच काम, हेही सांगा.

संस्थेच्या विश्वस्तांना आणि शिक्षकांना आमची एवढीच विनंती आहे. दहा वर्षांचा एक पोरका मुलगा कोणाच्या तरी नजरेत भरला, म्हणून जगाला ही गाडी मिळाली. आपल्याही वर्गात मागच्या बाकावर वहीच्या शेवटच्या पानावर चाके आणि दांडे रेखाटणारी मुले असतात. त्यांची वही ओढून घेण्यापूर्वी ते पान एकदा नीट पाहावे. आणि मुलांनो, येत्या दसऱ्याला कोल्हापुरात मेबॅक समोरून गेली, तर त्या सुताराच्या मुलाची आठवण ठेवा.