वडिलांना देशद्रोही ठरवून गोळ्या घातल्या, मुलीनं त्याच देशाचे नाच जपले

नोव्हेंबर 1922. ग्रीसची राजधानी अथेन्स. देशद्रोहाच्या आरोपाखाली सहा जणांना एकाच दिवशी गोळ्या घालण्यात आल्या. त्यातले एक होते निकोलाओस स्ट्राटोस. त्याच वर्षी मे महिन्यात ते जेमतेम आठवडाभर देशाचे पंतप्रधान होते.

गुन्हा काय? तर तुर्कस्तानसोबतच्या युद्धात ग्रीसचा दणकून पराभव झाला होता. आशिया मायनरमधून लाखो ग्रीक लोक निर्वासित होऊन येत होते. कुणाला तरी जबाबदार धरायचं होतं, आणि हे सहा जण सापडले.

स्ट्राटोस यांची मुलगी डोरा तेव्हा विशीच्या आत-बाहेर होती. 1903 चा जन्म, अथेन्समधलं बडं घराणं, आजोबा नाटककार. वडील गेल्यावर कुटुंबाला काही वर्षं परदेशात काढावी लागली.

अशा घरात खेड्यातला नाच कुणी शिकायचं नाही. अथेन्सच्या उच्चभ्रूंना पॅरिसचं वेड. लोकनृत्य म्हणजे शेतकरी आणि मेंढपाळांचं काम. (आपल्याकडे तमाशाबद्दल काय बोललं जायचं ते आठवा.) परत आल्यावर डोराही नाटकवाल्यांमध्येच रमली. दिग्दर्शक कारोलोस कून यांच्या नाट्यसंस्थेच्या उभारणीत तिनं हातभार लावला.

मग 1952 मध्ये युगोस्लाव्हियाचा लोकनृत्य संच अथेन्सला आला. कार्यक्रम गाजला आणि प्रश्न पडला, आपल्याकडे असं काही का नाही? पुढच्याच वर्षी डोरा स्ट्राटू यांनी स्वतःचा संच काढला. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीचं होतं.

सोपा मार्ग होता. शहरातले नर्तक घ्यायचे, चकचकीत कपडे शिवायचे, स्टेजसाठी नाच बसवायचे. डोराबाईंनी तसं केलं नाही. त्या गावोगाव फिरल्या. नाच जसा गावात नाचतात तसाच, वादक गावाकडचे, कपडे म्हाताऱ्या बायकांच्या पेटाऱ्यातले. हातानं विणलेल्या, भरतकाम केलेल्या पोशाखांचा हा साठा पुढे 2,000 च्या वर गेला. नेमक्या याच काळात गावं ओस पडत होती आणि माणसं अथेन्सला, जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला निघाली होती. दहा-वीस वर्षं उशीर झाला असता तर त्यातलं बरंच काही हाती लागलं नसतं.

आता थोडं नाचांबद्दल. सगळ्यात लोकप्रिय कालामातियानोस. हात धरून अर्धगोल करायचा, पुढचा नाचणारा रुमाल फिरवत उड्या घेणार. त्याचा ताल सात मात्रांचा, तीन-दोन-दोन. आपला रूपक मोजून बघा, विभागणी तीच. डोंगराळ भागात झुर्ना वाजतो, तो आपल्या सनईच्या गोतावळ्यातला. क्रीट बेटावर लिरा, म्हणजे मांडीवर उभी धरून गजानं वाजवायचं तंतुवाद्य.

आणि पोंटोसचे नाच. काळ्या समुद्राकाठचे हे लोक निर्वासित म्हणून ग्रीसमध्ये आले, ते त्याच पराभवानंतर. म्हणजे ज्या पराभवाचं खापर वडिलांवर फुटलं, त्यात घरदार गमावलेल्यांचे नाच मुलीनं रंगमंचावर आणले.

1965 मध्ये अ‍ॅक्रोपोलिससमोरच्या फिलोपापू टेकडीवर त्यांचं खुलं थिएटर उभं राहिलं.

डोराबाईंचं सगळंच पटतं असं नाही. हे नाच थेट प्राचीन ग्रीसपासून चालत आले, असं त्या ठासून मांडायच्या, त्यावर पुस्तकही लिहिलं. आजचे अनेक अभ्यासक ते इतकं सरळ मानत नाहीत. या नाचांवर बाल्कन आणि तुर्की शेजाऱ्यांची छाप आहेच. शिवाय गावच्या लग्नातला नाच तिकीट लावून स्टेजवर आणला की तो थोडा बदलतोच.

1988 मध्ये त्या गेल्या. 2010 मध्ये ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या सहा जणांवरची शिक्षा रद्द ठरवली, म्हणजे तब्बल 88 वर्षांनी. ते बघायला डोराबाई नव्हत्या. टेकडीवरच्या थिएटरात मात्र उन्हाळ्यातले खेळ सुरूच होते.