गिरणगावाचा शाहीर : अण्णा भाऊ साठे

पोटासाठी मुंबईत आलेल्या लाखो माणसांना या शहराने काम दिले. तुकाराम भाऊराव साठे या मुलाला तिने अक्षरओळखही दिली. पुढे अण्णा भाऊ साठे या नावाने महाराष्ट्राला परिचित झालेल्या या लेखकाचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे, मातंग समाजात झाला. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. गावी जगणे कठीण झाले तेव्हा हे कुटुंब पायी चालत मुंबईस आले.

मुंबईत अण्णा भाऊंनी हमाली केली, कोळसे वेचले, गिरणीत घाम गाळला. दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची भित्तिपत्रके वाचत त्यांनी अक्षरे गिरवली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये त्यांचा कम्युनिस्ट चळवळीशी संबंध आला आणि गळ्यातल्या गाण्याला दिशा मिळाली. स्टालिनग्राडच्या लढ्यावरील त्यांच्या पोवाड्याने कामगार वस्त्या भारावून गेल्या.

कोकण, घाट, तेलंगण आणि उत्तर हिंदुस्थानातून आलेली माणसे तेव्हा गिरणगावात दाटीवाटीने राहत होती. याच वस्तीतून 1944 साली लाल बावटा कलापथक उभे राहिले. वाटेगावचे अण्णा भाऊ, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर हे त्याचे आधारस्तंभ. अमर शेखांचा पहाडी आवाज आणि अण्णा भाऊंची लेखणी यांनी चाळींपुढची मैदाने गाजवली. सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा अण्णा भाऊंनी त्याच कलेला लोकनाट्याचे रूप दिले. गणातील देवाचे नमन काढून त्यांनी मायभूमी आणि श्रमिकांना वंदन केले; वगातल्या राजाच्या जागी सावकार, मालक आणि मजूर आणले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबई कोणाची, हा प्रश्न त्यांनी लोकनाट्यातून थेट कामगारांपुढे मांडला. गावी राहिलेल्या मैनेच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या कामगाराची त्यांची छक्कड घरोघरी पोहोचली. तो विरह बेळगाव, कारवार आणि निपाणी महाराष्ट्राबाहेर राहिल्याचाही होता. 1 मे 1960 रोजी राज्य स्थापन झाले, तरी ती सल कायम राहिली.

मार्च 1958 मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, हा त्यांचा विचार तेव्हापासून चळवळीचा मंत्र झाला. त्यांच्या कथांतही हाच माणूस आहे. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमा खाणीचे काम सुटल्यावर उपनगरातल्या मसणवट्यात प्रेतांच्या राखेतून सोने शोधतो आणि त्यातच हाताची बोटे गमावतो. नेमक्या त्याच वेळी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होते. बेकारीचे इतके भीषण चित्र मराठी कथेत क्वचितच आढळेल.

तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, पोवाडे, लोकनाट्ये आणि रशियाचे प्रवासवर्णन एवढा त्यांचा संसार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेल्या ‘फकिरा’ला 1961 मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, कथा परकीय भाषांत गेल्या. लेखक मात्र दीर्घकाळ घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतच राहिला. अखेरचा काळ दारिद्र्य, आजार आणि एकाकीपणात गेला. 18 जुलै 1969 रोजी, वयाच्या अवघ्या 48 व्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमर शेखही अपघातात गेले आणि गिरणगावाचे दोन्ही बुलंद आवाज थांबले.

2002 मध्ये टपाल खात्याने अण्णा भाऊंचे तिकीट काढले. 2022 मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. ज्यांच्यासाठी ते गायले त्या कामगारांच्या बहुतेक गिरण्या आज बंद आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती आल्या आहेत. मुंबई कोणाची, हा त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र या शहरात अजूनही तितकाच जिवंत आहे.