सिंधूत घोडा घालणारा सुलतान

चंगीझखानाचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण ज्या माणसाच्या पाठलागावर तो जातीने सिंधूच्या काठापर्यंत आला, त्या जलालुद्दीन ख्वारिज्मशहाची बोळवण आपली क्रमिक पुस्तके इल्तुत्मिशच्या प्रकरणात दीड ओळीत करतात. इल्तुत्मिशने त्याला आश्रय दिला नाही आणि हिंदुस्थान मोंगलांच्या तडाख्यातून वाचला, एवढे पाठ करून आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. हा आश्रय मागणारा होता कोण आणि पुढे त्याचे काय झाले, हे विचारण्याची परीक्षेत सोय नाही. म्हणून हा लेख.

अमू दर्या नदी अरल समुद्राला जिथे मिळत असे, तो प्रदेश म्हणजे ख्वारिज्म. गुरगंज ही त्याची राजधानी. येथील तुर्की राजघराण्याचा मूळ पुरुष सेल्जुकांच्या पदरी असलेला एक गुलाम. पण तेराव्या शतकाच्या आरंभी त्याच घराण्यातल्या सुलतान महंमदाची सत्ता सिर दर्यापासून इराणपर्यंत पसरली होती. बाहेरून पाहणाऱ्याला हे साम्राज्य भव्य वाटे. आत मात्र सगळा घोटाळा! सुलतानाची आई तर्कान खातून किपचाक टोळ्यांतली. सैन्यातले बहुतेक सरदार तिच्या माहेरचे, त्यामुळे मुलाच्या हुकमापेक्षा आईचा हुकूम वजनदार ठरे. थोरला नातू जलालुद्दीन तिला नकोसा होता. तिच्या आग्रहाने धाकट्या उझलागशहाला युवराजपद मिळाले आणि जलालुद्दीनला दूरचा गझनीचा मुलूख देऊन बाजूला सारण्यात आले.

1218 साली सिर दर्याकाठच्या ओत्रार शहरी मोंगलांकडून आलेला सुमारे साडेचारशे व्यापाऱ्यांचा तांडा तिथल्या सुभेदाराने हेर ठरवून कापून काढला आणि माल लुटला. हा सुभेदारही तर्कान खातूनच्याच नात्यातला. चंगीझखानाने जाब विचारायला वकील पाठवला, तर सुलतानाने त्याला ठार मारले आणि त्याच्या सोबत्यांच्या दाढ्या उतरवून त्यांना परत धाडले. 1219 मध्ये मोंगल सैन्य चालून आले. सगळी फौज एकवटून सिर दर्यावरच शत्रूला गाठावे, असे जलालुद्दीनचे म्हणणे होते. बापाने ते मानले नाही. एकत्र आलेली फौज उद्या आपल्यावरच उलटेल ही त्याची भीती, आणि ती अगदीच खोटी होती असेही नाही. त्याने सैन्य शहराशहरांत वाटून टाकले. 1220 च्या पहिल्या काही महिन्यांतच बुखारा पडले, समरकंद पडले. पाठीवर मोंगल स्वार घेऊन पळता पळता महंमद कास्पियन समुद्रातल्या एका बेटावर पोचला आणि तिथेच वारला. कफनालाही कापड नव्हते. एका चाकराच्या सदऱ्यात त्याला पुरले म्हणतात. मरण्यापूर्वी मात्र त्याने वारसा बदलून जलालुद्दीनला दिला होता.

म्हणजे राज्य हातात आले, ते उरले नव्हते तेव्हा! तो गुरगंजला गेला, तर किपचाक सरदार त्याच्याच जिवावर उठले. अवघे तीनशे स्वार बरोबर घेऊन त्याने काराकुमचे वाळवंट पार केले, वाटेत नसाजवळ मोंगलांची चौकी उधळली आणि गझनी गाठली. तिथे त्याच्या निशाणाखाली तुर्क, खल्ज, घोरी असे हजारो लोक जमा झाले.

1221 मध्ये काबूलच्या उत्तरेला परवानच्या दरीत त्याची गाठ शिगी कुतुकूच्या मोंगल सैन्याशी पडली. जलालुद्दीनने आपल्या स्वारांना पायउतार केले. घोड्यांचे लगाम हाती धरून उभे राहायचे आणि बाण मारायचे, असा हुकूम. पहिला दिवस असाच गेला. रात्री मोंगलांनी मोकळ्या घोड्यांवर बुजगावणी बसवली आणि सकाळी कुमक आल्याचा भास निर्माण केला. जलालुद्दीनचे सरदार कच खाऊ लागले. हा हलला नाही. दुसऱ्या दिवशी मोंगल थकलेले दिसताच त्याने सर्वांना घोड्यावर चढवून एकच हल्ला केला. त्या साऱ्या मोहिमेत मोंगलांनी खाल्लेला हा सर्वांत मोठा मार.

आणि मग? लुटीतल्या एका घोड्यावरून भांडण! अमीन मलिकने इघराक या दुसऱ्या सरदाराच्या डोक्यात चाबूक हाणला. इघराकने न्याय मागितला. अमीन मलिक पडला सुलतानाचा सोयरा, आणि त्याचे लोक शिक्षा सोसतील याची खात्री नव्हती. जलालुद्दीन गप्प राहिला. रात्रीच इघराक आपली सगळी माणसे घेऊन निघून गेला. माझ्या मते या सुलतानाचे पुढचे सारे आयुष्य त्या एका रात्रीत दिसते. शत्रूला कसे तोंड द्यावे हे त्याला उपजत कळे. आपल्या माणसांना कसे धरून ठेवावे हे त्याला कधीच कळले नाही.

पराभवाची बातमी कळताच चंगीझखान स्वतः निघाला. अर्धी फौज गमावलेला जलालुद्दीन सिंधूकडे हटला; पण नावा जमण्यापूर्वीच मोंगलांनी त्याला नदीकाठी कोंडले. तो 1221 चा नोव्हेंबर महिना. ठिकाण अटकेच्या खालच्या अंगाला कुठेतरी. ज्या अटकेपर्यंत 1758 मध्ये मराठ्यांचे घोडे पोचले, तिच्याच परिसरातले. डावी बाजू मोडली, उजवी मोडली, तरी मधल्या थोड्या लोकांनिशी तो दुपारपर्यंत झुंजत राहिला. त्याच्या चिटणिसाने लिहिले आहे की, आई आणि बायकांनी शत्रूच्या हाती देऊ नकोस म्हणून आकांत केला आणि त्याच्याच हुकमाने त्यांना नदीत बुडवण्यात आले. सात-आठ वर्षांचा मुलगा मोंगलांनी पकडून मारला. शेवटी त्याने ताजा घोडा घेतला, एकवार उलटून मोंगलांना मागे रेटले, चिलखत उतरवले आणि उंच दरडीवरून घोड्यासकट नदीत उडी घातली. चंगीझखान काठावर येऊन पाहत राहिला. आपल्या लोकांना त्याने आवरले आणि बापाला मुलगा असावा तर असा, असे स्वतःच्या मुलांना सुनावले, असे इराणी इतिहासकार जुवैनी सांगतो.

पैलतीरी पोचलेल्या मूठभर लोकांकडे अंगावर धड कपडे नव्हते. त्यांनी झाडांचे सोटे तोडले आणि तेवढ्यावर पहिली लुटारू टोळी मारून हत्यारे मिळवली. दिल्लीला त्याने आश्रय मागितला. इल्तुत्मिशने इथली हवा आपल्याला मानवणार नाही अशा गोड शब्दांत वाट दाखवली. यात भित्रेपणा पाहणारे आहेत. पण ज्याच्या मागे चंगीझखान आहे आणि ज्याला कोणाच्या हाताखाली राहण्याची सवय नाही, असा पाहुणा घरात कोण घेईल? पुढची जवळजवळ तीन वर्षे जलालुद्दीन पंजाब आणि सिंधमध्ये राहिला. खोखरांशी सोयरीक केली, उच-मुलतानच्या कुबाचाला हरवले, देवलपर्यंत गेला. आणि 1224 च्या सुमारास मकरानच्या वाळवंटातून इराणात परतला. त्या वाटेने त्याची बरीच माणसे गिळली.

इथपर्यंतचा जलालुद्दीन कोणालाही आवडेल. यापुढचा आवडणे कठीण आहे. 1225 मध्ये त्याने तब्रिझ घेतले, त्याच वर्षी गार्नी येथे जॉर्जियाचे सैन्य मोडले आणि मार्च 1226 मध्ये तिफ्लिस जिंकून तिथल्या ख्रिस्ती लोकांची अमानुष कत्तल केली. बगदादच्या खलिफाशी लढला. अखलात शहराला ऐन हिवाळ्यात वेढा घालून लोकांना उपाशी मारले आणि 1230 च्या एप्रिलमध्ये ते लुटले. मोंगल परत येणार हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. 1228 साली इस्फहानपाशी ते आलेही, आणि त्या लढाईत त्याचा सावत्र भाऊ ऐन वेळी फौज घेऊन निघून गेला. तरीही ज्यांच्याशी हातमिळवणी करायची, त्या सगळ्यांना त्याने एकेक करून शत्रू केले. ऑगस्ट 1230 मध्ये रूमचा सुलतान कैकुबाद आणि अय्यूबी अश्रफ यांनी मिळून यास्सीचिमेनच्या मैदानात त्याचे सैन्य धुळीला मिळवले. मग त्याने त्याच राजांना कळवले की, मोंगल आणि तुमच्यामधली भिंत मी आहे. ती पडली तर तुमचीही धडगत नाही. म्हणणे अक्षरशः खरे होते. पण अखलात जळताना पाहिलेल्यांनी ते ऐकावे कसे?

चिटणीस नसवीने त्याचे वर्णन केले आहे: ठेंगणा, सावळा, थोडके बोलणारा, हसत नसे, फक्त स्मित करी. सुलतानाविषयी नोंदलेली एक हकिकत वाचून मन चरकते. किलिज नावाचा त्याचा आवडता गुलाम वारला. सुलतानाने अमीरांना त्याच्या प्रेतामागे पायी चालायला लावले आणि पुढे प्रेत पुरू न देता मुक्कामामुक्कामाला बरोबर नेले. जेवण आले की आधी किलिजकडे पाठवी. तो मेला आहे असे सांगण्याची कोणाची छाती नव्हती. आता बरे आहे, असा निरोप आणावा लागे. आई, बायका, मुलगा नदीकाठी गमावलेल्या या माणसाच्या मनात काय साचले होते कोण जाणे!

1231 च्या ऑगस्टमध्ये आमिदजवळ मोंगलांनी त्याच्या छावणीवर अवचित छापा घातला. तो मद्याच्या गुंगीत झोपला होता. कसाबसा निसटून एकटाच मय्याफारिकीनच्या डोंगरांत शिरला आणि कुर्द वाटमाऱ्यांच्या हाती सापडला. त्यांच्या म्होरक्याला त्याने आपली ओळख सांगितली. म्होरक्याने त्याला घरी ठेवून घेतले आणि तो घोडे आणायला गेला. तेवढ्यात दुसरा एक कुर्द आला. त्याचा भाऊ अखलातला ख्वारिज्मी सैनिकांनी मारला होता. घरात बसलेला माणूस कोण हे कळताच त्याने भाला खुपसला.

मालक गेल्यावर त्याचे स्वार पोटासाठी कोणाचीही चाकरी करत भटकले. 1244 मध्ये त्यांनीच जेरुसलेम घेतले. इराणात मात्र सुलतान मेला यावर लोकांचा विश्वास बसेना. कोणी त्याला इथे पाहिले म्हणे, कोणी तिथे. 1254 साली, म्हणजे तेवीस वर्षांनी, अमू दर्याच्या उतारावर एक प्रवासी आपणच जलालुद्दीन असल्याचे सांगू लागला. मोंगलांनी त्याला धरून हालहाल केले. प्राण जाईपर्यंत त्याने आपले म्हणणे बदलले नाही.