साष्टीचा ओवीकार : फादर स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपण सारेच मराठी वाङ्मयाच्या इतिहासात वाचतो. परदेशी असूनही त्यांनी मराठीत काव्य रचले, मराठीची थोरवी गायिली, एवढे परीक्षेपुरते ध्यानात ठेवून पुढे जातो. मला मात्र त्यांच्या चरित्रात वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. बायबलची कथा आपल्या कोकणी माणसाच्या तोंडी कोणत्या लयीत बसेल, हे या इंग्रज धर्मगुरूने अचूक ओळखले होते.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. त्या काळी तेथे कॅथलिक पंथीयांना मोकळेपणी राहणे अवघड होते. स्टीफन्स रोमला गेले आणि १५७५ साली जेज्वीट संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून गलबताने निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पुढली चाळीस वर्षे ते गोव्यातच राहिले. त्यांतील बहुतेक साष्टी महालात गेली.

ही वर्षे शांततेची नव्हती. पोर्तुगीजांनी १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली होती. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेज्वीटांना ठार केले आणि त्यावर पोर्तुगीजांनी कठोर सूड उगवला. जुन्या पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या. पुराण ऐकत वाढलेला समाज नव्या धर्मात आला, पण त्याच्या कानांना ऐकायला काही उरले नाही. ही उणीव सत्तेनेच निर्माण केली होती आणि फादर स्टीफन्स त्याच सत्तेच्या आश्रयाला होते, हे विसरून त्यांचे गुणगान करणे मला प्रामाणिक वाटत नाही. तरीही ती उणीव त्यांना जाणवली आणि ती भरून काढण्यासाठी त्यांनी लोकांचीच वाणी आपलीशी केली, हेही तितकेच खरे.

रोममध्ये त्यांच्या कानांवर लॅटिन स्तोत्रगायन पडले असणारच. त्या गायनाला मृदंगासारखा ठेका नसतो. शब्दांच्या वजनावर सूर पुढे सरकतो. आपल्या ग्रंथातल्या ओवीचेही असेच आहे. तीन चरणांना यमक आणि चौथा बहुधा आखूड. अक्षरांची संख्या मात्र ठरलेली नाही. अर्थ लांबला की चरण लांबतो आणि अखेरच्या चरणावर श्वास विसावतो. म्हणून लांबलचक कथा सांगायला ओवीसारखे दुसरे माप नाही. ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंत हेच माप चालत आले होते. एकनाथ तर स्टीफन्स यांचे समकालीन. लॅटिन चाल गोव्यात आणण्याऐवजी पाद्रीबाबांनी ही ओवी उचलली. माझ्या मते त्यांची खरी प्रतिभा या निवडीत आहे.

त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. एकंदर ओव्या अकरा हजारांच्या जवळपास. भाषा मराठी, पण तीत कोकणी शब्दांची पेरणी आहे. त्यामुळे मालवणी बोलणाऱ्या आम्हां मुलांना ती फारशी परकी वाटत नाही. हे पुराण चर्चमध्ये भाविकांसमोर गाऊन वाचले जाई. १६१९ मध्ये फादर स्टीफन्स वारले. पुढे १६४९ आणि १६५४ साली ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या.

१६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले : गोमंतकीयांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. अशा दडपणात देशी भाषेतल्या ग्रंथाला आश्रय कोठला? त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पण पुराण मेले नाही. लोक ते गात राहिले, हाताने उतरून घेत राहिले. गोव्यातून दक्षिणेस गेलेल्या कुटुंबांनी ते मंगळूरकडेही नेले. अशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती काढली आणि मग ते सर्वसामान्य मराठी वाचकाच्या हाती आले.

कागद नष्ट झाला तरी ग्रंथ टिकला, याचे श्रेय भाविकांच्या श्रद्धेला आहेच. पण मला वाटते, ते ओवीलाही आहे. गद्यात सांगितलेला उपदेश इतकी वर्षे कोणी तोंडी जपला नसता. म्हणून माझी मित्रांना आणि प्राध्यापकांना एक विनंती आहे. ख्रिस्तपुराण अभ्यासाला असो वा नसो, वाङ्मय मंडळाच्या एखाद्या बैठकीत त्यातला एक अध्याय मोठ्याने, चालीवर वाचावा. मनातल्या मनात वाचून हे काव्य निम्मेच कळते.