पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत रविवारी मंडळी गीत गाऊ लागली म्हणजे पुष्कळदा असे होते की, आरंभ करणारा भाऊ सूर फार उंच धरतो, दुसऱ्या कडव्यास बायकांचा आवाज पुरत नाही, आणि शेवटी पेटीवाला व टाळवाला हे दोघेच काय ते उरतात. पुष्कळांनी एका सुरात गाणे ही शिकण्याची विद्या आहे. ती वर्गात बसवून शिकविता येते, हे ज्यांनी आपल्या देशात करून दाखविले त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव अग्रभागी येते.

त्यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. बाळपणी शोभेच्या दारूचा भडका उडून विष्णूच्या डोळ्यांस इजा झाली व दृष्टी जवळजवळ गेली. लिहिण्यावाचण्याची वाट अशी बंद झाल्यावर मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकण्यास ठेविले. तेथे त्यांनी सुमारे बारा वर्षे अभ्यास केला. त्या काळी शिष्याने गुरूच्या घरी राहावे, पडेल ते काम करावे, आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा चार ताना पदरात पाडून घ्याव्या अशी रीत होती. लिहिलेले असे काही नसे.

मिरजेत एका समारंभाचे आमंत्रण विष्णुपंतांस आले, परंतु त्यांच्या गुरूंस आले नाही, अशी हकीकत सांगतात. कारण विचारता, ते तर केवळ गवई, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. हा बोल तरुणाच्या जिव्हारी लागला. पोटापाण्याची चिंता नव्हती व दरबारचा आश्रय होता, तरी 1896 साली त्यांनी मिरज सोडली. अंधुक दृष्टीच्या माणसाने हातचे अन्न सोडून परमुलुखात जावे हे त्या वेळी कित्येकांस वेडेपणाचे वाटले असेल. बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, दिल्ली असे फिरत, कोठे कोठे तिकीट लावून सर्वांकरिता गाण्याच्या बैठकी करीत, ते पंजाबात पोहोचले.

तारीख 5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. ते कोणा राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर व जलशांच्या उत्पन्नावर चालले. वेळापत्रक, इयत्ता, परीक्षा असा शाळेचा सर्व थाट तेथे होता. चिजा कागदावर उतरविण्यासाठी पंडितजींनी स्वतःची स्वरलिपी बसविली आणि क्रमिक पुस्तके छापविली. स्त्रियांसही शिक्षण मिळे. जे पुढे शिक्षक होणार त्यांस नऊ वर्षांच्या करारावर अन्न, वस्त्र व विद्या फुकट मिळत असे.

अनेकांस एकत्र शिकविण्यात अडचणी थोड्या नव्हत्या. प्रत्येक गळ्याचा षड्ज निराळा असतो. मुलांचा आवाज उंच, मोठ्या माणसाचा खालचा. वर्ग एका तंबोऱ्यावर बसवायचा तर सर्वांस पेलेल असा सूर आधी निवडावा लागतो, आणि आपल्या मनाची तान आवरून शेजाऱ्याकडे कान द्यावा लागतो. पाश्चात्त्य समूहगानात चार आवाजांस चार निरनिराळ्या ओळी वाटून देतात. आपल्याकडे सर्वांची ओळ एकच, म्हणून एक जण चुकला तरी ते तात्काळ उघडे पडते. वर्गातून थोर गवई निपजत नाही, असा आक्षेप जुन्या घराण्यांनी घेतला. तो अगदीच खोटा होता असे मला वाटत नाही, कारण पंडितजींचे जे शिष्य नावारूपास आले ते बहुतेक त्यांच्या सहवासात वर्षानुवर्षे राहिलेले होते. परंतु सामान्य माणसाने चार जणांत सुरेल गावे व ऐकताना समजावे, हे काम वर्गानेच झाले. त्यांच्या शिष्यमेळ्याची रामधून सभांतून हजारोंच्या तोंडी गेली.

इ. स. 1908 मध्ये मुंबईस शाखा निघाली. तिच्यासाठी मोठी इमारत बांधली, आणि येथेच हिशेब चुकला. दौरे काढून कर्ज फेडू असा त्यांस भरवसा होता. परंतु ते फिटले नाही, व इमारत लिलावात गेली. घरीही दुःख होतेच. त्यांची बहुतेक मुले लहानपणीच वारली. उत्तर आयुष्यात ते नाशकास राहून रामकथा व भजन यांत रमले.

शिष्य मात्र देशभर पसरले होते. नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या आश्रमात प्रार्थनेचे गायन चालवीत, व 1930 च्या दांडीयात्रेत ते तंबोरा घेऊन चालले. विनायकराव पटवर्धनांनी 1932 साली पुण्यास विद्यालय काढले. काशी हिंदू विश्वविद्यालयात 1950 साली संगीताचे महाविद्यालय निघाले, त्याचे पहिले प्रमुख पंडित ओंकारनाथ ठाकूर हेही याच मेळ्यातले.

पंडितजी 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेसच वारले. मागे राहिलेला मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. त्यास पुढे वडिलांच्याच शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांनी, गाणे शिकविले.