झाशीची राजमाता

महाराणी लक्ष्मीबाई यांचे नाव उच्चारताच हाती खड्ग घेऊन अश्वारूढ झालेली वीरांगना डोळ्यांपुढे उभी राहते. ते रूप खरेच आहे. परंतु रणांगण हे त्यांच्या जीवनाचे केवळ अखेरचे पर्व होय. तत्पूर्वी त्या पत्नी होत्या, माता होत्या, आपल्या परिवारातील स्त्रियांना शिकविणाऱ्या गुरू होत्या. गृहस्थाश्रमातील या कर्तव्यांतूनच त्यांचे शौर्य उदयास आले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यांचे चरित्र आपणां संसारी जनांना अधिक जवळचे वाटू लागते.

काशीक्षेत्री मोरोपंत तांबे व भागीरथीबाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मणिकर्णिका. मातेचे छत्र बालपणीच हरपले आणि मोरोपंत कन्येस घेऊन ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयास गेले. तेथे लेखन-वाचनाबरोबरच अश्वारोहण व शस्त्रविद्या त्यांनी आत्मसात केली. १८४२ साली झाशीचे संस्थानिक गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्या लक्ष्मीबाई झाल्या. १८५१ साली त्यांना पुत्र झाला. परंतु ते बालक काही महिन्यांचे होते न होते तोच निवर्तले. या दुःखाने गंगाधररावांची प्रकृती ढासळली. अखेरची घटिका समीप आली असे जाणून त्यांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी आपल्याच कुळातील वासुदेवराव नेवाळकर यांचा पुत्र आनंदराव यास विधिपूर्वक दत्तक घेतले व त्याचे नाव दामोदरराव ठेविले. इंग्रज अधिकारी त्या प्रसंगी उपस्थित होते. दुसऱ्याच दिवशी महाराज निधन पावले.

आता खरी कसोटी आली. आपल्या धर्मशास्त्रानुसार विधियुक्त दत्तक हा औरसाप्रमाणेच पुत्र होय. पित्यास पिंड देण्याचा अधिकार त्यास, तसाच पित्याच्या वारशाचाही. परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने खासगी संपत्तीपुरते दामोदररावांचे पुत्रत्व मान्य केले आणि राज्यापुरते अमान्य केले! १८५४ साली झाशी खालसा झाली. राणीसाहेबांस दरमहा ५,००० रुपयांचे वेतन ठरले. एकच बालक एका कागदावर पुत्र आणि दुसऱ्या कागदावर परका, हा न्याय त्या मातेस कसा पटावा? त्यांनी अर्जांमागून अर्ज केले, जॉन लँग नामक वकिलाचा सल्ला घेतला, दाद लंडनपर्यंत मागितली. सर्वत्र नकारच आला. पुढे मुलाच्या व्रतबंधासाठी त्याच्याच नावे ठेवलेल्या रकमेतून १ लक्ष रुपये मागितले, तेव्हा सरकारने जामीन घेतल्यावाचून ते दिले नाहीत. मानी स्त्रीस हा अपमान केवढा! तरीही त्यांनी जामीन दिले व मुंज यथासांग केली. कारण तेथे प्रश्न स्वतःच्या मानाचा नव्हता, पुत्राच्या संस्काराचा होता.

या वैधव्यकाळात त्यांनी खचून जाऊन दिवस कंठले नाहीत. वरसईचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे त्या धामधुमीत झाशीस राहिले होते. त्यांनी 'माझा प्रवास' या ग्रंथात राणीसाहेबांचा दिनक्रम वर्णिला आहे. मल्लखांबादी व्यायाम, घोड्याची रपेट, स्नान, देवपूजा, दानधर्म आणि मग राज्यकारभार असा तो क्रम होता. जी विद्या आपणांस लाभली ती त्यांनी आपल्यापुरती राखली नाही. वाड्यातील स्त्रियांनाही अश्वारोहण व शस्त्र चालविणे त्यांनी शिकविले. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोज याने झाशीस वेढा घातला, तेव्हा तोफांच्या मोर्चांवर राबणाऱ्या व दारूगोळा वाहणाऱ्या स्त्रिया शत्रूच्याही दृष्टीस पडल्या. गुरूच्या शिकवणीचे याहून मोठे प्रमाण कोणते?

३ एप्रिल रोजी इंग्रज शहरात शिरले. त्यानंतर राणीसाहेबांनी रात्रीच्या अंधारात किल्ला सोडला तो पुत्रास समवेत घेऊनच. एकट्या असत्या तर वाट सुकर झाली असती. परंतु ज्याच्यासाठी हा सारा लढा, त्यास मागे टाकणे त्या मातेच्या मनासही शिवले नाही. काल्पी व तेथून ग्वाल्हेर असा प्रवास झाला आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरनजीक लढता लढता त्यांनी देह ठेविला.

दामोदरराव वाचले. विश्वासू सेवकांनी त्यांना रानावनांतून जपले. पुढे ते इंदुरास राहिले, अल्प वेतनावर त्यांनी संसार केला आणि १९०६ साली ते निवर्तले. राज्य त्यांना मिळाले नाही. परंतु आपण कोणाचे पुत्र, या प्रश्नाचे उत्तर मातेने त्यांना निःसंदिग्ध दिले होते.

यश हाती नसते; कर्तव्य मात्र हाती असते. लौकिक दृष्टीने राणीसाहेबांचा अर्ज फेटाळला गेला, किल्ला पडला, राज्य गेले. परंतु पतीने अंतकाळी ओटीत घातलेल्या बालकास त्यांनी अखेरच्या श्वासापर्यंत अंतर दिले नाही. पोटच्या मुलावर माया सर्वच करतात. धर्माने जो आपला झाला त्यास तितक्याच निष्ठेने आपला मानणे, हे त्यांच्या मातृत्वाचे तेज होय. ज्या घरी दत्तक, पोरके वा दिराचे मूल वाढत असेल, त्या घरातील गृहिणीने या राजमातेचे नित्य स्मरण करावे.