धातूचा साद ऐकणारे यंत्र : अलेक्झांडर ग्रॅहम बेल

ज्यांचे नाव घेताच टेलिफोन डोळ्यांपुढे उभा राहतो, त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्यांचे चरित्र आमच्या बहुतेक विद्यार्थी वाचकांस थोडेफार अवगत असेल. परंतु ह्याच बेल ह्यांनी १८८१ सालच्या उन्हाळ्यात एका घायाळ मनुष्याच्या देहातील शिशाची गोळी हुडकण्यासाठी तारेच्या वेटोळ्यांचे एक यंत्र रचले होते, आणि जमिनीत दडलेली जुनी नाणी शोधणारी आजची यंत्रे त्याच्याच कुळातली आहेत, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ती हकीकत यशाची नव्हे, अपयशाची आहे. आणि म्हणूनच ती येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बेल ह्यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. त्यांचे वडील मेलव्हिल बेल हे उच्चारशास्त्राचे नामांकित शिक्षक होते. मनुष्याच्या मुखातून निघणारा प्रत्येक ध्वनी ओठ, जीभ व कंठ ह्यांच्या कोणत्या ठेवणीने उमटतो, हे चिन्हांनी दाखविणारी एक लिपी त्यांनी तयार केली होती. मातोश्रींस मात्र फार कमी ऐकू येई. धाकटा अलेक्झांडर त्यांच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खोल, हळू स्वरात बोले, व त्या कंपनांवरून त्यांस त्याचे बोलणे उमगे. ध्वनी म्हणजे केवळ कानाचा विषय नव्हे, ती एक थरथर आहे व ती अन्य मार्गांनीही पोहोचविता येते, हा धडा त्यांस शाळेत जाण्यापूर्वी घरीच मिळाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे घरावर दुःखाचे डोंगर कोसळले. धाकटा भाऊ १८६७ साली व थोरला १८७० साली क्षयाने दगावला. उरलेला एकुलता एक मुलगा तरी वाचावा, ह्या हेतूने आईबापांनी १८७० साली मायदेश सोडला व कॅनडात ब्रँटफर्ड गावी बिऱ्हाड केले. तेथे बेल ह्यांची प्रकृती सुधारली, आणि पुढल्याच वर्षी ते अमेरिकेतील बोस्टन शहरी बहिऱ्या मुलांस बोलावयास शिकविण्याच्या कामावर रुजू झाले. दिवसा शिकवावे व रात्री तारा, चुंबक आणि विद्युत्घट घेऊन प्रयोग करीत बसावे, असा त्यांचा क्रम असे. थॉमस वॉटसन नावाचा एक कुशल कारागीर त्यांस साथीदार लाभला. ७ मार्च १८७६ रोजी टेलिफोनचे पेटंट त्यांच्या नावे झाले, आणि तीनच दिवसांनी, १० मार्च रोजी, तारेवरून गेलेले स्पष्ट शब्द शेजारच्या खोलीत वॉटसनच्या कानी पडले. १८७७ साली त्यांनी आपली पूर्वीची विद्यार्थिनी मेबल हबर्ड हिच्याशी विवाह केला. लहानपणी झालेल्या तापाने मेबलचे ऐकणे कायमचे गेले होते. सारे जग ज्या यंत्राने परस्परांचे बोलणे ऐकू लागले, त्या यंत्राचा उपयोग खुद्द कर्त्याच्या आईला आणि पत्नीला होऊ नये, हा दैवाचा केवढा विचित्र खेळ!

आता त्या उन्हाळ्याकडे वळू. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड ह्यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गीटो नावाच्या इसमाने दोन गोळ्या झाडल्या. एक गोळी दंडास चाटून गेली. दुसरी पाठीत उजव्या बाजूने शिरली व आतच राहिली. ती कोठे आहे हे कोणालाच कळेना. डॉक्टरांनी न धुतलेली बोटे व सळया जखमेत पुनःपुन्हा घालून शोध केला. जंतुनाशक उपचारांचे महत्त्व लिस्टर ह्यांनी १८६७ सालीच जगापुढे मांडले होते. परंतु अमेरिकेतील पुष्कळ वैद्यांस ते अद्याप पटले नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागण्यास तर अजून चौदा वर्षांचा अवकाश होता. अशा समयी बेल ह्यांनी आपण होऊन मदत देऊ केली.

त्यांच्या कल्पनेचे मूळ समजावून घेण्यासाठी नाण्यांचीच एक गंमत सांगितली पाहिजे. तारेच्या एका वेटोळ्यातून खंडित विद्युत्प्रवाह सोडला, तर त्याच्या शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या वेटोळ्यात, स्पर्श नसतानाही, प्रवाह उत्पन्न होतो. ह्यालाच विद्युत्प्रवर्तन म्हणतात. डेव्हिड ह्यूज नावाच्या शास्त्रज्ञाने ह्या तत्त्वावर १८७९ साली एक प्रकारचा तराजू बनविला. त्यातील वेटोळी अशी जुळविलेली असत की एकीकडचा परिणाम दुसरीकडच्या परिणामाने नेमका खोडला जावा आणि जोडलेल्या टेलिफोनमध्ये आवाज मुळीच उमटू नये. मग दोन्ही बाजूंस टाकसाळीतून नुकतीच आलेली दोन सारखी नाणी ठेवली तर शांतता टिके. परंतु त्यांतील एक जरा झिजलेले अथवा खोटे असले, की टेलिफोन लगेच गुणगुणू लागे. सराफाच्या कसोटीहून बारीक अशी ही परीक्षा होती.

बेल ह्यांनी असा विचार केला की, जे यंत्र नाण्याचे खरेखोटेपण ओळखते, त्याने मांसात लपलेले शिसे का ओळखू नये? धातूचा तुकडा वेटोळ्याजवळ आला की त्याच्या अंगात प्रवाह खेळू लागतो, त्यामुळे तराजूचा तोल बिघडतो, आणि टेलिफोन बोलू लागतो. अडचण एवढीच की शिसे हे तांब्यारुप्यासारखे उत्तम वाहक नव्हे. तांब्याच्या मानाने त्याचा विद्युत्‌विरोध सुमारे तेरापट आहे. रुप्याचे नाणे जेथे मोठ्याने साद देईल, तेथे शिशाची गोळी केवळ पुटपुटेल.

बेल व त्यांचे सहकारी टेंटर ह्यांनी वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत दिवसाची रात्र केली. मुठीत गोळी धरून, ओल्या कोंड्याच्या पोत्यात गोळ्या पुरून, मांसाच्या तुकड्यात खुपसून त्यांनी यंत्र पारखले. यादवी युद्धात लागलेली गोळी वर्षानुवर्षे अंगात बाळगणारे जुने शिपाईही परीक्षेस बोलाविले. वेटोळ्यांचा आकार, तारेची जाडी, विद्युत्घटांची संख्या, सर्व काही बदलून पाहिले. आधी संपूर्ण शांतता साधावयाची व मग त्या शांततेत उमटणारा बारीकसा आवाज टिपावयाचा, हे काम बोलण्यास सोपे व करण्यास महाकठीण होते.

२६ जुलै रोजी यंत्र अध्यक्षांच्या खोलीत नेण्यात आले. टेलिफोनमधून सारखी तडतड ऐकू येत राहिली आणि काहीच निष्पन्न झाले नाही. यंत्राचा एक भाग, कंडेन्सर, चुकीचा जोडला गेला होता, हे मागाहून उघडकीस आले. १ ऑगस्ट रोजी दुसरा प्रयत्न झाला. ह्या वेळी जखमेच्या बाजूस क्षीण आवाज आला. पण तो एका जागी न येता मोठ्या विस्तारावर येत राहिला. डॉक्टर मंडळींस आपला तर्क खरा ठरला असे वाटले. बेल ह्यांचे मात्र समाधान झाले नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चौकशी केली, तेव्हा असे कळले की अध्यक्षांच्या केसांच्या गादीखाली पोलादी तारांची दुसरी एक गादी होती! तशीच गादी मिळवून त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत पुन्हा परीक्षा केली. परंतु त्या आवाजाचा उलगडा पूर्णपणे झाला नाही.

ह्याहून मोठी अडचण निराळीच होती. गोळी उजव्या बाजूस आहे, असे मुख्य डॉक्टर ब्लिस ह्यांचे ठाम मत होते, आणि त्यांनी बेल ह्यांस त्याच बाजूचा शोध करू दिला. गारफील्ड ह्यांनी ७९ दिवस यातना भोगून १९ सप्टेंबर रोजी देह ठेवला. शवपरीक्षेत गोळी सापडली ती कण्याच्या डाव्या बाजूस, स्वादुपिंडाच्या मागे. ती इतकी खोल होती की डावी बाजू तपासली असती तरी तिचा साद मिळाला असता की नाही, ह्याविषयी मतभेद आहेत. परंतु जेथे गोळी नव्हतीच, तेथे उत्तमातले उत्तम यंत्र तरी काय करणार? यंत्राला जी जागा दाखवावी, तेवढ्याच जागेविषयी ते सांगते. शोधणाऱ्याने उत्तर आधीच ठरवून टाकले, तर यंत्राचा खरेपणा फुकट जातो.

त्याच ऑगस्ट महिन्यात बेल ह्यांच्या घरीही आघात झाला. १५ तारखेस त्यांस मुलगा झाला. पण तो दिवस भरण्यापूर्वीच जन्मला होता, व श्वास नीट घेता न आल्यामुळे त्याच दिवशी दगावला. इकडे वर्तमानपत्रांतून त्यांच्या यंत्राची अपकीर्ती होत होती. दुसरा कोणी असता तर त्याने ते सारे सामान अडगळीत टाकले असते. बेल ह्यांनी दोन कामे हाती घेतली. श्वास कोंडलेल्या रोग्याच्या छातीस बाहेरून हवेच्या दाबाने श्वासोच्छ्वास करविणारे एक कवच त्यांनी तयार केले; आणि धातुशोधक यंत्राचे प्रयोगही चालूच ठेवले. १८८२ साली त्यांनी शास्त्रज्ञांच्या सभेपुढे आपल्या प्रयोगांचा संपूर्ण वृत्तांत, त्यातील फसगतींसह, मांडला. एकमेकांवर काही अंशी सरकवून ठेवलेली दोन चपटी वेटोळी, एकात प्रवाह व दुसऱ्यास टेलिफोन, ही सुटसुटीत रचना त्यात वर्णिली आहे. ह्याखेरीज त्यांनी टेलिफोनला जोडलेली एक सुई बनविली. ती गोळीस टेकताच टेलिफोनमध्ये आवाज होई. शस्त्रवैद्यकास केलेल्या ह्या साहाय्याबद्दल १८८६ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने त्यांस वैद्यकाची सन्माननीय पदवी दिली.

हेच तत्त्व पुढे निरनिराळ्या हातांत गेले. गेऱ्हार्ड फिशर ह्यांनी अमेरिकेत १९३७ साली धातुशोधक यंत्राचे पेटंट मिळविले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे कोसात्स्की ह्यांनी पेरलेले सुरुंग हुडकणारे यंत्र सिद्ध केले व ते १९४२ साली एल अलामीनच्या रणांगणावर उपयोगी पडले. युद्ध संपल्यावर सैन्याची जुनी यंत्रे हौशी लोकांच्या हाती आली, आणि शेतांतून व समुद्रकाठच्या वाळूतून नाण्यांचा शोध सुरू झाला.

अशा शोधकांच्या काठीस जे वेटोळे लावलेले असते, ते लहान असावे की मोठे, हा प्रश्न बेल ह्यांच्या त्या १ ऑगस्टच्या आवाजाशी अगदी सख्खे नाते सांगतो. दहाअकरा इंची वेटोळे खोलवरचे ओळखते व थोड्या वेळात पुष्कळ जमीन झाडून काढते. परंतु त्याच्या पसरट दृष्टीत शेजारचा गंजका खिळा व रुप्याचे नाणे एकाच वेळी सापडतात, आणि खिळ्याच्या गोंगाटात नाण्याचा साद बुडून जातो. पाचसहा इंची वेटोळ्याची पोच उथळ खरी, पण ते एका वेळी थोडीच जागा ऐकते व दोन शेजाऱ्यांचे आवाज निरनिराळे करते. म्हणून जुन्या घरांच्या पडक्या जोत्यांभोवती, जेथे खिळे, पत्रे व कड्या विखुरलेल्या असतात, तेथे जाणते लोक लहान वेटोळेच पसंत करतात. मात्र ते सावकाश फिरवावे लागते, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवावा लागतो. नाहीतर मधली पट्टी न ऐकताच राहून जाते. आपल्या इकडे कोणास असा ऐवज सापडला, तर तो स्वतःकडे ठेवून चालत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निखात निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी, असे १८७८ च्या अधिनियमाचे सांगणे आहे.

बेल ह्यांच्या उत्तरायुष्यातील कार्य येथे थोडक्यातच सांगता येईल. अंध व बधिर अशा हेलन केलर हिच्या वडिलांस त्यांनी जी वाट दाखविली, तिच्यामुळेच १८८७ साली ॲन सलिव्हन ही शिक्षिका त्या मुलीस लाभली. १९०३ साली प्रसिद्ध झालेले आपले आत्मचरित्र हेलनने बेल ह्यांस अर्पण केले. बहिऱ्यांनी हस्तसंकेत सोडून मुखानेच बोलावे, हा त्यांचा आग्रह मात्र पुष्कळ बधिर मंडळींस जाचक वाटला, आणि त्याबद्दल त्यांच्यावर आजही टीका होते. डॉक्टर ब्लिस ह्यांच्या हट्टामुळे ज्यांचे काम अडले, त्यांच्याही ठायी असा एक हट्ट होता, हे चरित्रकाराने लपवू नये.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांती बेल ह्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले होते. टेलिफोनच्या जनकास तो मान योग्यच होता. आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र त्यांच्या त्या फसलेल्या यंत्राचीही आठवण ठेवावी. अभ्यास असो की व्यवहार, आधी आपल्या मनातला गलबला शांत करावा, मग बारीक कान देऊन थोडी थोडी जागा नीट ऐकावी, आणि जी बाजू पाहण्याचे कारण नाही असे सर्वजण म्हणतात, ती बाजूही एकदा तपासून घ्यावी. इतके जो करील, त्याचे नाणे हुकण्याचा संभव फार थोडा.